सांगितले, पण पोहोचले का?

संवाद म्हणजे बोलणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बोलणे हा संवादाचा केवळ प्रारंभ होय. ऐकणाऱ्याला नेमके काय समजले, याची खात्री बोलणाऱ्याला होईपर्यंत संवाद पूर्ण होत नाही. हा फरक वरवर पुस्तकी वाटतो. परंतु तो किती जीवघेणा ठरू शकतो, हे २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथे दिसून आले. तेथील लॉस रोदेओस विमानतळाच्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांच्या दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमानांत यांत्रिक बिघाड नव्हता. दाट धुके हे एक कारण होतेच; पण घात झाला तो मुख्यतः संवादात.

शब्द एक, अर्थ दोन

धुक्यामुळे नियंत्रण कक्षाला विमाने दिसत नव्हती आणि विमानांना एकमेकांची चाहूल नव्हती. सारी मदार बिनतारी संदेशांवर होती. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे, याची सूचना केएलएमच्या विमानाला मिळाली होती. उड्डाणाची परवानगी मात्र मिळालेली नव्हती. मार्गाच्या सूचनेतही 'टेक-ऑफ' हा शब्द आला होता. सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचे वाक्य जोडले. विमान उड्डाणाच्या जागी थांबून आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रक 'ओके' म्हणाला. पुढे त्याने थांबण्यास सांगितले, पण त्याच क्षणी पॅन ॲमच्या विमानानेही 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे कळवले. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कक्षात मुख्यतः कर्कश आवाज ऐकू आला. काही क्षणांनी तेथील फ्लाइट इंजिनीअरने धावपट्टी मोकळी आहे ना, अशी शंका काढली. ज्येष्ठ कॅप्टनने ती ठामपणे बाजूला सारली.

संवादाचे घटक

संवादशास्त्राचे प्राथमिक घटक या एकाच घटनेतून स्पष्ट होतात. सांगणारा, संदेश, माध्यम आणि ऐकणारा हे चार घटक सर्वांच्या परिचयाचे असतात. दुर्लक्ष होते ते उरलेल्या दोघांकडे. ते म्हणजे 'अडथळा' आणि 'प्रतिसाद'. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सिद्धान्तात संदेशवहनातील अडथळ्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनर यांनी प्रतिसादाची संकल्पना विस्ताराने मांडली.

शॅनन यांचा विचार तांत्रिक संदेशापुरता होता. माणसांच्या बाबतीत अडथळा केवळ खरखरीचा नसतो. संदिग्ध शब्द हा अर्थाचा अडथळा, घाई हा मनाचा, तर वरिष्ठांचा धाक हा सामाजिक अडथळा होय. तेनेरीफला हे सगळे एकाच वेळी हजर होते. प्रतिसाद नव्हता असेही नाही; तो 'ओके' या शब्दाच्या रूपाने आला. मात्र काय समजले, हे त्या प्रतिसादातून कळत नव्हते.

संवादाचे प्रकार

सहभागी व्यक्तींच्या संख्येनुसार संवादाचे चार प्रकार मानले जातात. स्वतःशी चाललेला विचार हा स्वसंवाद, दोन व्यक्तींमधील आंतरव्यक्तिक संवाद, बैठकीतील गटसंवाद आणि वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणीद्वारे होणारा जनसंवाद. जसजशी संख्या वाढते, तसतसा प्रतिसाद उशिरा आणि अस्पष्ट येतो.

साधनांनुसार संवाद शाब्दिक किंवा अशाब्दिक असतो. शाब्दिक संवादात बोलणे व लिहिणे येते. चेहरा, नजर, हातवारे, आवाजाचा चढउतार हे अशाब्दिक. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे, हा मात्र गैरसमज आहे. तिला स्वतःचे व्याकरण असते, म्हणून ती पूर्ण अर्थाने भाषा ठरते. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

'संवादात शब्दांचा वाटा अवघा सात टक्के' हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हमखास ऐकवले जाते. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग शब्द आणि सूर यांत विसंगती असताना भावना कशी ओळखली जाते, एवढ्यापुरते होते. सरसकट सगळ्या संवादाला तो आकडा लागू होत नाही. औषधाचे प्रमाण सांगताना शब्दच महत्त्वाचा असतो.

शब्दाचा अर्थ तरी शब्दकोशात पूर्ण कुठे सापडतो? मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तो निघाल्याचे बरोबर कळते. कामाच्या विनंतीला मिळालेले 'बघू' हे उत्तर अनेकदा सौम्य नकार असते. दोघांचे संस्कार समान असतील तोवर हे जमून जाते. परक्या माणसाशी, किंवा चेहरा न दिसणाऱ्या मोबाइलवरील संदेशात, तेच 'बघू' होकारही वाटू शकते.

खात्रीची सवय

तेनेरीफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक आला. नुसते 'ओके' न म्हणता सूचनेचा मुख्य भाग परत म्हणून दाखवण्यावर भर दिला गेला. कनिष्ठांनी शंका बोलून दाखवावी आणि वरिष्ठांनी ती ऐकावी, याचे प्रशिक्षण पुढे वैमानिकांना मिळू लागले.

मात्र शब्दांची उजळणी म्हणजे आकलन नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरले होते. त्या विमानात संदेश घेणारा कर्मचारी वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. इंग्रजीचे अपुरे ज्ञान हाही मुद्दा पुढे आला. वैमानिक व नियंत्रकांसाठी भाषाज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय पातळ्या नंतर ठरवण्यात आल्या.

भारतीय रेल्वेत स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून गाड्यांसंबंधी महत्त्वाचे संदेश देताना 'प्रायव्हेट नंबर'ची देवाणघेवाण करतात. नोंदवहीतील तो आकडा संदेश मिळाल्याचा पुरावा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी सूची आणली, तिच्यात छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, अशी पायरी आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका काढायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार.

सामान्य नागरिकालाही हे सहज जमण्यासारखे आहे. दवाखान्यातून निघताना 'कळले' म्हणण्याऐवजी कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगून पाहावे. घरातील वृद्धांना बँकेचे काम समजावताना 'कळले ना?' असे न विचारता 'आता काय कराल?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण भिडेखातर 'हो' म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र खरोखर समजलेले असावे लागते.