भिंत ओतण्याआधी वायर टाका

सहा गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा घरगुती वाय-फायसाठी परवानामुक्त झाला, तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय : नवा राउटर घ्यायचा का? जरूर घ्या. पण मुंबईच्या उपनगरांत आज ज्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, किंवा वर्ष-दोन वर्षांत जाणार आहे, त्यांनी राउटरच्या आधी दुसरी एक गोष्ट मागून घ्यायला हवी. प्रत्येक खोलीत नेटवर्कची वायर. घरचं नेटवर्क, मॉनिटर आणि साठवणीचे सर्व्हर हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. त्यात माझं ठाम झालेलं मत एवढंच : घरात बसवलेली वायर कोणत्याही नव्या राउटरपेक्षा जास्त कामाला येते आणि जास्त टिकते.

नव्या नियमांचं मोल मी कमी लेखत नाही. मे २०२५ मध्ये मसुदा आला, जानेवारी २०२६ मध्ये अंतिम नियम आले आणि ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ असा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला. अमेरिकेने या भागातला १२०० मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा २०२० मध्येच खुला केला होता. आपल्याला उशिरा आणि निम्म्याहून कमी मिळाला, तरी उपनगरांत त्याची गरज खरोखरच होती. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडा, वरच्या-खालच्या मजल्यांचे राउटर ओळीने दिसतात. ते सगळे त्या तीन चॅनेलांत कोंबलेले असतात. नव्या पट्ट्यात १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे तीन चॅनेल बसतात आणि तिथे अजून गर्दी झालेली नाही.

अडचण भिंतीची आहे. लहरींची वारंवारिता वाढली की भिंतीपलीकडे पोचण्याची त्यांची ताकद घटते. शिवाय नियमांनुसार घरातल्या सहा गिगाहर्ट्झच्या उपकरणाने कमी शक्तीवरच चालायचं आहे. शेजाऱ्याचा गोंगाट भिंत अडवते ही चांगली गोष्ट, पण तीच भिंत तुमच्या हॉलमधला राउटर तुमच्याच बेडरूमपासून तोडते.

आणि भिंती बदलल्या आहेत. पंतनगर, टिळकनगर, कन्नमवारनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींत आतल्या भिंती विटांच्या होत्या. नवे टॉवर बहुतेक ठिकाणी मिवान पद्धतीने उभे राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे, आत लोखंडाची जाळी उभी करायची आणि भिंती-स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण मग घरातली जवळजवळ प्रत्येक भिंत आरसीसी होते. विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी जाणारा सिग्नल इथे अडखळतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. विटांच्या भिंतीत पझेशन मिळाल्यावरही झिरी मारून पाइप घालता येतो. मिवानच्या भिंतीवर अख्ख्या इमारतीचा भार असतो. ती फोडायला परवानगी नसते आणि नसावीच. त्यामुळे वायरचा पाइप साच्यात लोखंडाबरोबर बांधून, काँक्रीट ओतण्याच्या आधी ठेवावा लागतो. म्हणजे निर्णय इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या वेळी, तुम्ही भाड्याच्या घरात राहत असताना आणि नव्या घराचा पायाही भरलेला नसताना घ्यायचा असतो. तिथे चुकलं तर पुढची तीस वर्षं वायर स्कर्टिंगवरून, दाराच्या चौकटीवरून पांढऱ्या पट्टीत पळवावी लागते.

मुलुंडमध्ये आमच्या आसपासच्या सोसायट्यांच्या सभा मी ऐकतो. कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. अमेनिटीजच्या यादीत व्हिडिओ डोअर फोन असतो, फरशीचा ब्रँड असतो, नळाचा ब्रँडसुद्धा असतो. नेटवर्कपुढे मात्र ‘टीव्ही व टेलिफोन पॉइंट हॉलमध्ये’ एवढीच ओळ दिसते. लँडलाइनच्या काळातली ती ओळ प्रत्येक करारात जशीच्या तशी उतरत आली आहे. ज्या घरात दोन माणसं बेडरूममधून नोकरी करतात आणि मुलं तिसऱ्या खोलीत क्लासला बसतात, त्या घराला ही ओळ पुरत नाही.

मागायचं ते अवघड नाही. मुख्य दाराजवळ किंवा डक्टला लागून एक छोटी पेटी, तिथे विजेचा पॉइंट, आणि बाहेरून येणारी फायबर थेट त्या पेटीपर्यंत. तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र २५ मिलिमीटरचा पाइप, विजेच्या वायरींपासून वेगळा. हॉलच्या छताच्या मध्यावर एक पॉइंट, कारण वाय-फायचं ॲक्सेस पॉइंट तिथून उत्तम पसरतं. केबल कॅट-सिक्स. ती एक गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत आणि दहा गिगाबिटचा साधारण ५५ मीटरपर्यंत नेते. टू-बीएचकेत सहा पॉइंट आणि प्रत्येकी पंधरा मीटर धरले, तरी नव्वद मीटरमध्ये काम होतं. बाजारात खोका ३०५ मीटरचा येतो, म्हणजे एका खोक्यात तीन घरं. इलेक्ट्रिशियनवर सोडलं तर तो स्वस्तातली केबल आणेल, जिच्यात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात अस्सल तांब्याची आणि ही, दोन्ही मिळतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. टोक सोलून तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. फार घासाघीस करायची नसेल तर निदान रिकामे पाइप आणि आत ओढदोरी मागा. केबल नंतर ओढता येते, पाइप नंतर घालता येत नाही.

बिल्डरशी बोलताना हाताशी ठेवावा असा एक कागदही आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे विनियम काढले. फायबरची सोय, इमारतीच्या आतलं मोबाइल नेटवर्क, वाय-फाय, कोणत्याही सेवा कंपनीला आत यायची मोकळीक, अशा गोष्टी तपासून इमारतीला तारे मिळतात. फ्लॅट घेणारे अजून ते विचारत नाहीत, म्हणून बिल्डर सांगत नाहीत. पुनर्विकासातले रहिवासी जागेचे मालक असतात, त्यांच्या सहीशिवाय प्रकल्प हलत नाही. त्यांनी विचारायला सुरुवात करायला हवी.

एवढी वायर कशासाठी, असं कुणी विचारतंच. ‘इंटरनेट तर शंभर-दोनशे एमबीपीएसचंच आहे, ते वाय-फायवरून मिळतं.’ बरोबर. इंटरनेटसाठी मला वायर फारशी लागत नाही. मला ती घरातल्या घरात लागते, कारण माझ्या कुटुंबाचे फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं दोन डिस्कच्या एका छोट्या सर्व्हरवर आहेत. एक टेराबाइटचा संग्रह गिगाबिट वायरवरून अडीच तासांत उतरतो. दोन भिंतींपलीकडच्या वाय-फायवर सेकंदाला दहा मेगाबाइट मिळाले, तर त्यालाच अठ्ठावीस तास लागतात. बॅकअप तासाभरात होत असेल तर माणूस तो घेतो, रात्रभर चालणार असेल तर पुढे ढकलतो.

घरचा सर्व्हर हा विषय आपल्याकडे १ जून २०२१ नंतर घराघरांत पोचला. त्या दिवसापासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. दर महिन्याचं भाडं कुटुंबातल्या प्रत्येक फोनमागे भरायचं, की एकदाच खर्च करून स्वतःचा डबा घ्यायचा, हा प्रश्न तेव्हापासून आहे. सध्या डब्याची बाजू जरा महाग झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी आणि डिस्क घाऊक उचलल्या, रॅमचे भाव चढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. चांदिवलीतली डेटा सेंटरं आणि अंधेरीतला फोटोंचा हौशी संग्राहक आता एकाच चिपच्या रांगेत आहेत. तरीही मी सांगेन, घ्या. रॅम कमीत कमी घ्या, फोटो आणि फायली ठेवायला चार जीबी पुरते. चेहरे ओळखणारं इमिचसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर आठ.

डिस्क घेताना मात्र बारकाईने पाहा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये एसएमआर तंत्र वापरल्याचं उघड झालं. त्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलला की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी ते कळत नाही. जोडीची डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर सगळं उतरवायची वेळ येते, तेव्हा तो सर्व्हर रखडतो. ओरड झाल्यावर कंपनीने साध्या सीएमआर तंत्राच्या डिस्क ‘रेड प्लस’ म्हणून वेगळ्या केल्या. खोक्यावर सीएमआर पाहूनच पैसे द्या. २०२५ मध्ये घरगुती सर्व्हर बनवणाऱ्या सिनॉलॉजीने आपल्या नव्या प्लस मॉडेलांत स्वतःच्याच डिस्क वापरायची अट घातली आणि ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली. हौशी ग्राहकांनी खरेदी थांबवून दाखवली की कंपन्या ऐकतात, असा मी याचा अर्थ लावतो.

दोन डिस्कवर एकच माहिती म्हणजे बॅकअप, ही समजूत अजून जात नाही. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते, एवढंच. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हींवरून त्याच क्षणी जातो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे सर्व्हर कुलूपबंद केले, त्यातही डिस्क कितीही असल्या तरी उपयोग नव्हता. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉ यांनी रूढ केलेला नियम अजून चोख आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या कपाटांतले लग्नाचे अल्बम त्या रात्री चिखलात गेले, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज ती ठेवणं सोपं आहे. एक साधी बाहेरची डिस्क गावच्या घरी किंवा पुण्याच्या बहिणीकडे ठेवा आणि गणपतीला, दिवाळीला जाल तेव्हा ताजी करून या.

विजेच्या बाबतीत उपनगरं सुखी आहेत, मुलुंड-भांडुपला महावितरण आणि बाकी बहुतेक भागाला अदानी किंवा टाटा. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई अंधारली, लोकलसुद्धा थांबल्या. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर फायलींची मांडणी बिघडू शकते. ६०० व्हीएचा यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडला की वीज गेल्याचा निरोप सर्व्हरला मिळतो आणि तो शिस्तीत बंद होतो. दोन डिस्कचा सर्व्हर सरासरी २० वॅट खातो असं धरलं, तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत भागतं. जागा निवडताना माळा आणि चपलांचं कपाट टाळा. मे महिन्यात बंद कपाटात डिस्क पन्नास अंशांवर सहज जाते. वर्सोव्याकडे राहत असाल तर खाऱ्या हवेने सांधे गंजतात, तेव्हा खिडकीही नको.

वर्सोव्याचं आणखी एक महत्त्व आहे. देशाला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या कितीतरी केबल त्याच किनाऱ्यावर वर येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयमीवी या केबल तुटल्या आणि भारतातल्या जोडण्यांवरही परिणाम झाला. घरच्या सर्व्हरवरचे फोटो मात्र अशा दिवशीही नेहमीच्याच वेगाने उघडतात. बाहेरगावाहून ते पाहायचे तर राउटरचं दार इंटरनेटला उघडून देऊ नका. बहुतेक कंपन्या अनेक घरांना मिळून एकच आयपी पत्ता देतात, त्यामुळे ते जमतही नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केलचा खाजगी बोगदा लावा, काम सुरक्षितपणे होतं.

राहिला मॉनिटर. त्याबद्दल मला मराठी वाचकांना एकच गोष्ट सांगायची आहे, कारण परीक्षणांत ती सापडत नाही : ती सगळी रोमन अक्षरांवर केलेली असतात. २७ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात ८२ ठिपके असतात. त्यात ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ नीट बसत नाही, रुकार-ऱ्हस्व उकार एकमेकांत मिसळतात, अनुस्वार पुसट होतो. त्याच आकाराच्या फोर-के पडद्यावर १६३ ठिपके असतात आणि तोच मजकूर छापल्यासारखा उभा राहतो. दिवसभर मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी रिफ्रेश रेटवर पैसे घालू नयेत, ठिपक्यांवर घालावेत. ओएलईडीचे रंग फार सुंदर असतात, पण त्यातल्या अनेक पडद्यांवर ठिपक्यांतल्या रंगांची मांडणी वेगळी असते. त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंगीत झाक येते आणि मात्रा-वेलांट्यांच्या गर्दीत ती जास्त जाणवते. दुकानात मराठी पान उघडूनच पाहा. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पण लिहिण्या-वाचण्यासाठी २७ पुरतो.

पडद्यावर मराठी इतकी सहज दिसते यामागे पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांच्यासारख्या माणसांचे कष्ट आहेत. त्यांनी घडवलेला मंगल हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. त्याआधीची मराठी मात्र श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटांत अडकलेली आहे. दिवाळी अंक, सोसायटीची इतिवृत्तं, वडिलांनी टाइप केलेल्या आठवणी. त्या फायली सर्व्हरवर कितीही सुरक्षित ठेवल्या तरी मूळ फाँट नसेल तर उघडल्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. ज्या जुन्या संगणकावर तो फाँट अजून आहे तो पुनर्विकासाच्या सामानात भंगारवाल्याकडे जाण्याआधी सुरू करा, प्रत्येक फाइलची पीडीएफ करा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा, आणि मूळ फाइलही त्याच फोल्डरमध्ये राहू द्या.