विश्लेषण : लांब पास आणि छेत्रीचे गोल… भारतीय फुटबॉल संघाची शैली कुठे अडली?

दिंडोशीपासून काही किलोमीटरवर, अंधेरीच्या मैदानावर जून २०१८ मध्ये भारताने आंतरखंडीय चषक जिंकला. भारताच्या ११ गोलपैकी ८ एकट्या सुनील छेत्रीचे होते.

शैली कोणती?

प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांचा भर थेट खेळावर होता. केनियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात (२-०) पहिला गोल अनिरुद्ध थापाच्या फ्री-किकवर, दुसरा अनस एडाथोडिकाच्या लांब पासवर झाला. दोन्ही छेत्रीचेच.

मर्यादा काय?

जानेवारी २०१९ च्या आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ असे नमवले, पण यजमान अमिरातीकडून ०-२ असा पराभव झाला. बहरीनविरुद्ध बरोबरीही बाद फेरीसाठी पुरेशी होती. मात्र, चेंडू ताब्यात ठेवता न आल्याने भारत बचावातच अडकला. भरपाई वेळेतील पेनल्टीने आव्हान संपवले.