समेवर मूल

सकाळी साडेनऊ. उंब्रजमध्ये महामार्गावरच्या ट्रकांची घरघर दिवसभर चालू, म्हणून गाण्याच्या वेळी अंगणवाडीचं दार लोटून घेते. हजेरी वाचत नाही, गाते. ज्याचं नाव येईल त्यानं दोन टाळ्या द्यायच्या. तोंड न उघडणारी लाजरी पोरंही टाळी देतात.

दहा. पट्टी थोडी वर धरते. माझ्या सोयीच्या खालच्या सुरात पोरांचा गळा उतरत नाही, मग ती गायची सोडून ओरडतात. आठवडाभर एकच गाणं. कंटाळा मला येतो, त्यांना नाही. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी मी थांबते. पहिल्या दिवशी सगळी माझ्या तोंडाकडे बघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी तो शब्द धाडकन टाकतं, अगदी समेवर. एवढं थांबणं मला शिकायला फार वेळ लागला; बाईला सगळं स्वतःच म्हणायची खोड असते.

साडेअकराला खिचडी. त्यावर काय लिहायचं!

दुपारी दोन, गृहभेटी. पूर्वी तीन वर्षांखालच्या बाळांचं म्हणजे वजन आणि टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, एवढंच डोक्यात असायचं. २०२४ मध्ये केंद्राचा ‘नवचेतना’ आराखडा आला, त्यात या वयाच्या खेळा-गाण्यांनाही जागा आहे. तारळी नदीकडच्या आळीत सात महिन्यांचं बाळ आहे. आज्जी म्हणाल्या, “ताई, मोबाईल लावल्याबिगर ह्यो घास घेत न्हाय बघा.”

“आज्जी, जात्यावरच्या ओव्या येतात न्हवं?”

“येत्यात, पर जातं कुठं ऱ्हायलंय आता?”

“मांडी हाय की!”

आज्जी लाजल्या, मग मांडी हलवत गुणगुणायला लागल्या. ही मांडी साधी गोष्ट नाही. कॅनडातल्या दोन संशोधिकांनी २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही तऱ्हांचे ठेके ऐकवले, तेव्हा ज्या चालीत झुलवलं होतं तीच बाळांनी जास्त वेळ ऐकली. बाळाला न झुलवता नुसतं झुलणं दाखवलं, तेव्हा हा फरक पडला नाही. म्हणजे ताल अंगातून आत जातो, आणि मोबाईलला मांडी नाही. बाळाला वर्षाच्या आत स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये सांगितलंय. पण आज्जींना मी ते सांगत बसले नाही, ओवी पुरली.

चार वाजता पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी. रेंज येईपर्यंत बाटल्यांत चिंचोके भरून खुळखुळे केले. झाकण चिकटवून वर पट्टी मारायचीच, नाहीतर चिंचोका थेट घशात.

संध्याकाळी सात. गल्लीत हरिपाठ. आया लेकरांना कडेवर घेऊन टाळांच्या ठेक्यावर डुलतात, तेव्हा कॅनडाची आठवण होते. फक्त कर्ण्याजवळ बसलेल्यांना मी उठवून मागं नेते, आणि बुवांना आवाज कमी करायला सांगते. बुवा मान डोलावतात, कमी करतात. दुसऱ्या अभंगाला आवाज पुन्हा होता तिथं.