रेड केले, तरी यंत्र बूट होईना

बेळगाव–लोंढा लोहमार्गावरच्या गुंजीसारख्या गावात संगणक बिघडला की दुरुस्त करणारा माणूस बहुधा खानापूरहून किंवा बेळगावहून यायचा असतो, आणि पावसाळ्यात त्याची वाट बघण्यात एकदोन दिवस सहज जातात. म्हणून एखादी पतसंस्था किंवा लग्नांचे शूटिंग साठवणारा स्टुडिओ दोन हार्डडिस्क घेऊन रेड १ करायचे ठरवतो. जे लिहायचे ते दोन्हीकडे लिहिले जावे, एक गेली तरी काम अडू नये. विचार योग्यच आहे. मग ऑपरेटिंग सिस्टीम टाकून होते, यंत्र रीस्टार्ट होते आणि काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा निरोप येतो. ‘डिस्क उडाली’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. तो बहुतेक वेळा चुकलेला असतो.

मुळातला गैरसमज असा, की रेड केले म्हणजे दोन डिस्कची एकच डिस्क झाली. सगळ्यांसाठी आणि पहिल्या क्षणापासून. सॉफ्टवेअर रेडमध्ये ही जुळणी ऑपरेटिंग सिस्टीम करते, आणि ती तर अजून सुरू व्हायची असते. बटण दाबल्यावर आधी जागे होते ते मदरबोर्डवरचे फर्मवेअर. जुना बायोस कुठल्यातरी एका डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. यूईएफआय एका डिस्कवरचे फॅट पद्धतीचे छोटे ईएफआय पार्टिशन शोधते. लिनक्सचे रेड दोघांनाही कळत नाही. पुढे बूटलोडर येतो, मग कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइल-व्यवस्था), आणि तिथे पोहोचल्यावर एमडीएडीएम हे लिनक्सचे रेड सांभाळणारे साधन दोन डिस्क जुळवते. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली विद्यापीठातून रेडची कल्पना मांडली ती महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा ताफा वापरण्यासाठी. यंत्र सुरू कशाने करायचे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

याचा फटका बसतो तो पहिली डिस्क खरोखर बंद पडल्यावर. दुसरीवर सगळी माहिती शाबूत असते, पण ईएफआय पार्टिशन पहिलीवरच होते, त्यामुळे यंत्र सुरूच होत नाही. उपाय दोन. दुसऱ्या डिस्कवर तसेच पार्टिशन करून बूटलोडर तिथेही टाकायचा आणि फर्मवेअरच्या बूट यादीत त्याची नोंद करायची. जुन्या बायोसवर ग्रब हा बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवायचा. दुसरा उपाय म्हणजे ईएफआय पार्टिशनलाच रेड १ मध्ये घेणे. तेव्हा एमडीचा, म्हणजे लिनक्सच्या रेडचा, १.० प्रकार निवडावा लागतो, कारण त्यात रेडची माहिती पार्टिशनच्या शेवटी असते आणि फर्मवेअरला ते साधे फॅट पार्टिशन वाटते. नेहमीच्या १.२ प्रकारात ती सुरुवातीजवळ असते आणि फर्मवेअर गोंधळते. मात्र फर्मवेअरने परस्पर एका बाजूला काही लिहिले तर दोन प्रतींत फरक पडतो. दोन वेगळी पार्टिशने ठेवावीत, असे माझे मत.

‘बायोसमध्ये रेड चालू केले, म्हणजे हार्डवेअर रेड झाले’ हाही असाच गैरसमज. साध्या मदरबोर्डवरच्या रेडमध्ये खरे काम ड्रायव्हरच करतो. स्वतंत्र प्रोसेसर असलेले कार्ड ही वेगळी आणि बरीच महाग वस्तू. तो ड्रायव्हर नसला तर विंडोज टाकताना डिस्क दिसतच नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कितीतरी लॅपटॉपवर रेड न करताही हे घडते, कारण तिथे व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) आधीपासून चालू असते. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ निवडले की डिस्क हजर होतात.

पण घाईत काय केले जाते? बायोसमधले रेड काढून एएचसीआय ही साधी पद्धत ठेवतात. डिस्क दिसतात खऱ्या, रेड मात्र गेले. चालू विंडोजवर हाच बदल केला तर निळा पडदा येतो आणि त्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. तेव्हा पुन्हा फॉरमॅट मारायची गरज नसते. आधीचे सेटिंग परत ठेवायचे, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचे, मग बायोसमध्ये बदल करायचा. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झाले की ते योग्य ड्रायव्हर उचलते.

लिनक्समध्ये पडदा नीट वाचला तर अडलेली जागा समजते. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले तर बूटलोडरला त्याच्या फायली सापडलेल्या नाहीत. इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर थांबले तर बूटलोडरचे काम झाले, पण रेड जुळलेले नाही; बहुधा एमडीएडीएमच्या फायलीत रेडची नोंद नसते, किंवा नोंद करून इनिटरॅमएफएस नव्याने बनवायचे राहिलेले असते.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, पद्धतीने सुरू केला तर सिस्टीमही लेगसीच बसते, यूईएफआय नव्हे. डिस्कवर जीपीटी ही पार्टिशनची नवी मांडणी आणि बूट लेगसी असेल तर ग्रबला साधारण १ एमबीचे वेगळे बायोस-बूट पार्टिशन लागते. जुनी एमबीआर मांडणी ठेवावी म्हटले तर २ टीबीच्या पुढची जागा हाती लागत नाही. आणि दोन्ही डिस्क सिंक होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हा समजही खरा नाही. सिंक चालू असताना काम करता येते, फक्त गती कमी मिळते.

‘रेड आहे, मग बॅकअप कशाला?’ चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. एवढे पुरे.

खरी परीक्षा पतसंस्थेची खाती चढवण्याआधी घ्यावी. यंत्र बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढायची आणि सुरू करून बघायचे, मग तसेच दुसऱ्या डिस्कचे. मात्र पहिली परत जोडून सिंक पुरी झाल्यावरच. परत जोडलेली डिस्क आपोआप सामील होईल असे धरून चालू नये. लिनक्समध्ये ती बहुधा एमडीएडीएमने हाताने घालावी लागते. एमडीस्टॅट फाइलमध्ये कंसात दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क कामावर आहेत. एका यूच्या जागी अधोरेषा असेल तर यंत्र कितीही सुरळीत चाललेले दिसो, ते एकाच डिस्कवर चालले आहे.