विश्लेषण : वर्गातल्या ‘दादा’ला ताकद कोण देते?

इंग्रजीत ज्याला ‘बुलिंग’ म्हणतात त्यासाठी मराठीत एकच असा शब्द नाही. चिडवणे, खोड्या काढणे, दमदाटी, कट्टी, वाळीत टाकणे असे बरेच शब्द आहेत. त्यातल्या त्यात ‘दादागिरी’ जवळचा वाटतो, पण तो दिशाभूलही करतो. तो ऐकला की डोळ्यांपुढे मागच्या बाकावरचा आडदांड मुलगा येतो. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेने पालक हादरले ते म्हणूनच. वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला तिचा १३ वर्षांचा नायक आडदांड नव्हता, उलट तो स्वतःच इन्स्टाग्रामवर चेष्टेचा विषय झाला होता. मुलांमधली सत्ता नेमकी कशावर उभी असते, याचा शोध कथात्म साहित्याने मात्र फार आधीपासून घेतला आहे. त्यातल्या तीन कादंबऱ्यांविषयी...

हात उगारलाच नाही, तर भीती कशाची?

कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवूड यांची ‘कॅट्स आय’ ही कादंबरी १९८८ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. नायिका इलेन हिचे वडील कीटकशास्त्रज्ञ. कुटुंब जंगलांतून फिरणारे. आठ वर्षांची इलेन टोरांटोत राहायला येते तेव्हा ‘मुलींनी मुलींशी कसे वागायचे’ हेच तिला ठाऊक नसते. तिला तीन मैत्रिणी मिळतात. त्यांच्यातली कॉर्डेलिया ठरवते की, इलेनला ‘सुधारायला’ हवे.

पुढे जे सुरू होते त्यात मारहाण जवळपास नाही. इलेन कशी चालते, कशी जेवते, कशी हसते, यावर तिघी नजर ठेवतात. तिचे काहीतरी चुकले आहे, एवढेच तिला सांगितले जाते. काय चुकले, ते तिने ओळखायचे. रात्री अंथरुणात ती स्वतःच्या तळपायाची कातडी सोलत बसते. एकदा तिला अंगणातल्या खड्ड्यात उतरवून वर फळ्या टाकतात.

हे सगळे चालते ते ‘आम्ही तुझ्या मैत्रिणी आहोत’ या नावाखाली. इथेच या कादंबरीचे मर्म आहे. शत्रूपासून पळता येते, मैत्रिणींपासून पळून जायचे कुठे? इलेनला मार खाण्याची भीती नाही, गटाबाहेर पडण्याची आहे. म्हणजे कॉर्डेलियाच्या हातातली दोरी इलेननेच दिलेली आहे, तेही नकळत. (कादंबरी वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

हिवाळ्यातल्या एका दिवशी कॉर्डेलिया तिची टोपी पुलावरून खालच्या घळीत फेकते आणि आणायला लावते. ओढ्यावरचा बर्फ फुटून इलेन पाण्यात पडते. मैत्रिणी निघून जातात. ती कशीबशी जिवंत परतते आणि काही दिवसांनी त्या पुन्हा ‘सुधारणा’ सुरू करतात, तेव्हा ती सरळ वळून चालू लागते. बस, एवढेच. तिला अडवणारे काहीच नसते. तिला त्यांची गरज होती त्याहून जास्त त्यांना तिची होती, हे तिला त्या क्षणी कळते. पण अ‍ॅटवूड इथे थांबत नाहीत. माध्यमिक शाळेत पारडे फिरते. आता जिभेला धार इलेनच्या आहे आणि खचत चाललेली कॉर्डेलिया तिचे लक्ष्य आहे. ‘बिचारी’ आणि ‘दुष्ट’ असे कप्पे करून वाचणाऱ्याची इथे पंचाईत होते.

मोठ्यांना कळत नाही का?

कळते, पण अर्धवट. इलेनच्या आईला संशय येतो. तिचा सल्ला असा की, कणा ताठ ठेवायला शिक, कुणाला दबू नकोस. आपल्याकडचे ‘तूही एक ठेवून दे’ याच जातीचे. मुलीला त्यातून कळते ते इतकेच की, दोष पुन्हा आपल्यातच आहे. दुसरीकडे, एका मैत्रिणीच्या आईला सगळे माहीत असते. ‘या धर्महीन घरातल्या मुलीला हे मिळायलाच हवे’ अशा अर्थाचे तिचे बोलणे इलेनच्या कानावर पडते. त्रास देणाऱ्या मुली मनाने काही शोधून काढत नव्हत्या, वरून मूक परवानगी होती. कॉर्डेलियाच्या तोंडची दटावणी तर तिच्या वडिलांच्या दराऱ्यातून आलेली आहे, हे लेखिका हळूच सुचवते.

‘हेवन’मधला मोमोसे काय सांगतो?

जपानी लेखिका मिएको कावाकामी यांची ‘हेवन’ ही कादंबरी २००९ ची. तिचा इंग्रजी अनुवाद २०२२ च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होता. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या अनुवादाने पुरस्कार पटकावला, तेच हे वर्ष.

निवेदक १४ वर्षांचा, तिरळ्या डोळ्याचा मुलगा. त्याला छळणाऱ्यांचा म्होरक्या निनोमिया दिसायला देखणा, अभ्यासात पहिला, शिक्षकांचा लाडका. मागच्या बाकाशी त्याचा काही संबंध नाही. वर्गातल्या कोजिमा या मुलीलाही ‘घाणेरडी’ म्हणून असाच त्रास होतो. दोघे चिठ्ठ्यांतून बोलू लागतात. आपल्या सोसण्याला काही अर्थ आहे, आपण दुबळे नाही, असे कोजिमाचे ठाम मत.

आणि मग मोमोसे. हा मुलगा त्या टोळीत असतो, पण हाताची घडी घालून बाजूला उभा. एकदा निवेदक त्याला रुग्णालयात गाठून विचारतो, का? मोमोसेचे उत्तर अंगावर येते. तुझ्या डोळ्याशी याचा संबंध नाही, तू समोर होतास आणि आम्हाला करता येत होते म्हणून झाले, असा त्याचा एकूण सूर. या संवादात मोमोसे बोलण्यात जिंकतो, असे मला वाटते आणि लेखिकेने त्याला जिंकू दिले हे तिचे धाडस आहे. आपल्याला छळामागे कारण हवे असते. चष्मा, रंग, बोलण्यातला हेल. कारण सापडले की, ते दूर करता येईल असा दिलासा मिळतो. मोमोसे तो काढून घेतो.

आपल्याकडे मात्र मोमोसेचे म्हणणे पुरे पडत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या (२०१३) जब्याची हेटाळणी तो ‘समोर होता’ म्हणून होत नाही. तिच्यामागे जात आहे. डुकरे पकडणाऱ्या कुटुंबाकडे पाहून हसणारे वर्गमित्र ती ताकद गावाकडून उसनी आणतात. तरी घडीघातल्या हातांचे बघे दोन्हीकडे आहेत. ‘फँड्री’तला शेवटचा दगड येतो तो कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्यांकडेच.

मग ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’चे काय?

या विषयावर सगळ्यात आधी नाव येते ते विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ च्या या कादंबरीचे. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात. गोल्डिंग स्वतः शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढले होते. ‘मुले मुळातच क्रूर असतात’ असा तिचा अर्थ लावला जातो, मला तो उथळ वाटतो. सुरुवातीच्या एका प्रसंगात रॉजर एका लहानग्याच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. त्याच्याभोवती पालक, शाळा, पोलीस यांचे अदृश्य कुंपण अजून शिल्लक असते. पुढे तोच रॉजर नेम चुकवत नाही. मधल्या काळात रॉजर बदलला, की कुंपण?

याला जोड म्हणून टोंगाच्या सहा मुलांची खरी गोष्ट सांगितली जाते. वसतिगृहातली ही मुले १९६५ मध्ये होडी घेऊन निघाली, वादळात सापडली आणि अटा या निर्जन बेटावर १५ महिने राहिली. त्यांनी आग विझू दिली नाही. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधून त्याची कामे वाटून घेतली. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियन कप्तान पीटर वॉर्नर यांनी त्यांची सुटका केली. रुटगर ब्रेगमन यांच्या २०२० च्या पुस्तकामुळे ही हकिकत जगभर पोहोचली आणि ‘गोल्डिंग चुकले’ अशी चर्चा झाली. पण हे सहा जण ठरवून एकत्र निघालेले मित्र होते, गोल्डिंगच्या बेटावर बहुतेक अनोळखी मुलांची गर्दी होती. आपला वर्ग यांपैकी कशासारखा असतो, याचे उत्तर तुकडीगणिक वेगळे येईल.

कायदा काय पाहतो?

जपानमध्ये ओत्सू शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या २०११ मधील मृत्यूनंतर मोठा गदारोळ झाला आणि २०१३ मध्ये शाळांतील छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा आला. त्यातली व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. करणाऱ्याचा हेतू किंवा ताकद ती मोजत नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या कृतीने ज्याच्यावर परिणाम झाला त्याला शारीरिक वा मानसिक वेदना झाली का, हे पाहते. इंटरनेटवरचा प्रकारही त्यात येतो. ‘आम्ही मस्करी करत होतो’ ही सबब त्यामुळे पहिल्याच पायरीवर अडते.

आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. मात्र उल्लंघन झाल्यास कारवाई होते ती सेवा नियमांनुसार, म्हणजे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांवर. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला सेवा नियम लागू नसतात.