जुने घड्याळ देऊन नवे घेताना

जुने देऊन नवे घेणे हा एक सौदा दिसतो, पण असतात दोन. रोलेक्सच्या सबमरिनरचेच पाहा. २०१० साली आलेले तारखेचे मॉडेल ४० मिलिमीटरचे. पूर्ण चावीवर सुमारे ४८ तास चालणारे. २०२० साली त्याच्या जागी ४१ मिलिमीटरचे आले. ते सुमारे ७० तास चालते. शौकिनाला नव्याचा मोह पडतो आणि दुकानदार 'वर किती द्यायचे' एवढेच सांगतो. फसगत इथेच होते. आधी जुन्याचा रोख भाव विचारावा, मग नव्याचा. फरक आपण काढावा. जुने मॉडेल आता बनत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

देण्यापूर्वी पॉलिश करून घेऊ नये. त्याने धातू झिजतो, कडा बोथट होतात आणि जाणकार संग्राहक भाव पाडतो. आम्हा कापडवाल्यांना हे ठाऊक आहे: कोरे थान एकदा पाण्यात गेले की कोरे राहत नाही. मूळ डबा, वॉरंटी कार्ड, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या जपाव्यात. दुरुस्ती झाली असेल तर आपणहून सांगावी. ऐब झाकून सौदा एकदाच होतो. शौकिनांच्या लहानशा बाजारात जबान हीच पत.