खांबांच्या मधोमध : एमिली स्कॅरटची कारकीर्द

रग्बी बघणारे बहुतेक लोक ट्रायवर फिदा असतात. चेंडू काखेत घेऊन सुसाट पळायचं, अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं आणि शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवायचा. ते देखणं असतंच. माझा जीव मात्र त्यानंतरच्या मिनिटात अडकतो. खेळ थांबलेला असतो, बाकीच्या पाणी पीत असतात आणि एकटी खेळाडू चेंडू समोर ठेवून खांबांकडे बघत असते. महिला रग्बीतली ही किक पाहायची, तर इंग्लंडच्या एमिली स्कॅरटचीच. 119 आंतरराष्ट्रीय सामने आणि 754 गुण. इंग्लंडच्या महिला संघासाठी इतके गुण दुसऱ्या कुणीही केलेले नाहीत.

आधी चरित्राची उजळणी. जन्म 1990चा, लेस्टरशरमधल्या शेतकरी घरातला. पाचव्या वर्षी रग्बीची सुरुवात. बास्केटबॉलही इतकं चांगलं की अमेरिकेत शिष्यवृत्ती चालून आली, ती हिने नाकारली. 2008 साली अमेरिकेविरुद्ध इंग्लंडकडून पहिला सामना. क्लब आधी लिचफिल्ड, नंतर लफबरो लाइटनिंग. जागा सेंटरची, कधी फुलबॅकची.

आता किकबद्दल. ट्रायचे गुण पाच, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे दोन, पेनल्टीचे तीन. दोन खांबांमधलं अंतर 5.6 मीटर, आडवी दांडी तीन मीटर उंचीवर. चेंडू दांडीच्या वरून आणि खांबांच्या मधून गेला पाहिजे. खरी मेख कन्व्हर्जनमध्ये आहे. ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतच मागे येऊन किक मारावी लागते. ट्राय कोपऱ्यात झाला, तर खांब जवळपास एकामागे एक दिसतात. मागे सरकावं तसा कोन उघडतो, पण अंतर वाढतं. कॅरममध्ये कडेला चिकटलेली सोंगटी घ्यायला जावं, तसाच हा पेच. किती मागे जायचं हे जिचं तिने ठरवायचं. वर घड्याळ चालू असतं आणि तिने पाऊल उचललं की समोरचा संघ अंगावर धावत सुटतो. पेनल्टीच्या वेळी निदान त्यांना हात खाली ठेवून स्तब्ध उभं राहावं लागतं.

पॅरिस, 17 ऑगस्ट 2014. विश्वचषकाचा अंतिम सामना. मध्यंतराला इंग्लंड 11-3 ने पुढे होतं, पण कॅनडाने एकेक पेनल्टी साधत फरक 11-9 वर आणला. अशा वेळी स्कॅरटने पेनल्टी घेतली आणि तीन गुण मिळवले. शेवटच्या मिनिटांत स्वतःच ट्राय केला, त्याचं कन्व्हर्जनही स्वतःच मारलं. 21-9. एकवीसपैकी सोळा गुण एकटीचे! इंग्लंडला वीस वर्षांनी विश्वचषक मिळाला. त्या सामन्याचं चित्रण मी आजही पुन्हा पुन्हा बघते. ट्राय तर डोळ्यांत भरतोच, पण 11-9 असतानाची ती पेनल्टी मला त्याहून मोठी वाटते.

      

पॅरिसचा विजय झाला तेव्हा या मुली पोटासाठी नोकऱ्या करत होत्या. स्कॅरट शाळेत खेळ शिकवायची. पुढे सेव्हन्सचे, म्हणजे सात जणींच्या रग्बीचे करार आले. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ब्रिटनची कर्णधार होती, संघ चौथा आला. पंधरा जणींच्या रग्बीत पूर्णवेळ करार मिळायला 2019 उजाडलं. त्याच वर्षी ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. ज्या खेळाडूंनी देशाला जगज्जेतेपद दिलं, त्यांना सरावासाठी रजा काढावी लागावी, हे मला आजही खटकतं.

पराभवही तिने पुरेपूर पचवले. विश्वचषकाच्या 2010, 2017 आणि 2022 अशा तीन अंतिम लढती न्यूझीलंडने हिरावल्या. शेवटची तर 34-31 अशी, अवघ्या तीन गुणांनी. मग 2023 मध्ये मानेची शस्त्रक्रिया झाली. तरी ती परतली आणि 2025 साली पाच विश्वचषक खेळणारी इंग्लंडची पहिली खेळाडू ठरली. अंतिम सामन्यात लंडनच्या ट्विकनम मैदानावर 81,885 प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला 33-13 ने हरवलं. त्या दिवशी ती मैदानात नव्हती, पण विजेत्या संघात होती. त्यानंतर काही आठवड्यांतच तिने निवृत्ती जाहीर केली.

या किकची ताकद आपल्या मुलींनीही अनुभवली आहे. 2019च्या जूनमध्ये मनिला इथे भारताने सिंगापूरला 21-19 ने हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताच्या महिलांचा तो पहिला विजय. कर्णधार होती पुण्याची वहबिझ भरुचा आणि अखेरच्या क्षणी निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. म्हणून रग्बी शिकवणाऱ्या आपल्या मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे : मुलींना पळायला आणि टॅकल करायला शिकवता, तसा किकसाठी रोज वेगळा वेळ द्या. सराव संपल्यावर उरलेली पाच मिनिटं नव्हे, चांगला तासभर. दोन गुणांनी जिंकायचं आणि तीन गुणांनी हरायचं, तर फैसला तिथेच होतो.